उसनी बाजू

१२ जुलै

मुंगळ्या,

मायना घालणार नाही. मायना माणसाला घालतात आणि तू माणसासारखा वागलेला नाहीस. शहर सोडून जाताना बाईला एक फोन करायला तुझी बोटं झिजली असती का? तुझा नंबर लावला की एक गोड आवाज सांगतो, हा क्रमांक अस्तित्वात नाही. शेवटी तुझ्या ताईला गाठलं. तिने पत्ता दिला, पण आधी माझ्याकडून वदवून घेतलं की मी तिथे येऊन थडकणार नाही. म्हणून हे कागद. हाताने लिहायची सवय गेली आहे. अक्षर लागलं नाही तर मेहुण्यांचा चष्मा लाव.

ताई म्हणाली, तू मेहुण्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतोस. "बाई, जेवतो, झोपतो, बिजागऱ्या विकतो. बोलत मात्र नाही." मी म्हटलं, तुम्ही नक्की तुमच्या भावाबद्दलच बोलताय ना? मला तर तो आठवतो जो निवडीच्या मुलाखतीत एका मुद्द्याला असा चिकटला होता की समितीतले दोघं चहा पिऊन परत आले तरी हा तिथेच. मुंगळा नाव काय उगाच ठेवलं मी?

असो. चौकशी समितीचा अहवाल वाचला. "संबंधित अध्यापकांनी तक्रार संपूर्णपणे मान्य केली." आणि तेवढ्यावर तुला काढून टाकलं! वाचून डोकंच फिरलं माझं. तशीच उठले, रिक्षा केली आणि अध्यक्षांच्या खोलीत जाऊन बसले. म्हटलं, साहेब, आमची संस्था तरुण अध्यापकांना कशासाठी पाठबळ देते, ठाऊक आहे? वेगळ्या मतांची मुलं एका खोलीत बसवून, एकमेकांचा गळा न धरता बोलायला शिकवण्यासाठी. आमच्या बैठकीला नियम एकच. वाद घालायचा असेल तर आधी समोरच्याची बाजू उसनी घ्यायची. "तो असं म्हणतो" असं नाही, "मी असं म्हणतो" अशी. समोरचा "हो, हेच" म्हणाला की मगच स्वतःचं तोंड उघडायचं. हा पोरगा दर शुक्रवारी हेच करत आला आहे. तुम्ही त्याला तक्रारीबद्दल विचारलंत, त्याने सवयीने आधी तक्रार करणाऱ्या मुलीची बाजू "मी" म्हणून मांडली आणि तुम्ही तीच त्याची कबुली म्हणून उतरवून घेतलीत!

अध्यक्ष चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "पण बाई, चौकशीत कोणी स्वतःच्या विरुद्ध इतकं चांगलं कशाला बोलेल?"

म्हटलं, "चांगला शिकवला आहे म्हणून."

खरंच सांगते, ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती. साधा माणूस आधी स्वतःचा बचाव करतो. संस्थेने निवडलेल्या तुम्हा सहा जणांपैकी कोणीही तिथे उभा असता तरी आधी तिचंच मांडत बसला असता. मूर्खांनो, किती अभिमान वाटतो मला तुमचा!

आता ऐक. अपिलाची मुदत ऑगस्टअखेर आहे. तू परत वर्गात उभा राहिलाच पाहिजेस. नुसतं तुझ्यासाठी म्हणत नाही. बाकीचे पाच जण माझ्या तोंडाकडे बघत बसले आहेत. तुझ्यासाठी संस्था उभी राहिली नाही, तर उद्या त्यांच्यासाठी कोण राहणार आहे? सोबतच्या अर्जावर सही करून पाठव. पत्राच्या उत्तरात शिव्या घातल्यास तरी चालेल.

बाई

२४ जुलै

मुंगळ्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही काही कमी चिवट नाही.

काल आपली शुक्रवारची खोली उघडून घेतली. खुर्च्यांचा गोल मोडून कोणीतरी रांगा लावल्या आहेत आणि खिडकीच्या बाजूला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेत. तुझी किटली तेवढी तिथेच होती, मी घरी आणली. चोरी म्हणायची तर म्हण. माझ्याच घरी तिच्यात पाणी उकळतं, आणि उकळताना ती जो काही आवाज करते, तो तुम्ही सगळे इतकी वर्षं कसा सहन केलात देव जाणे.

बाकीच्या पाचांतल्या आपल्या गणितीने त्याच्या विद्यापीठातली बैठक थांबवली. माझ्या समोर बसून, जमिनीकडे बघत सांगितलं. "बाई, बायको बाळंत व्हायची आहे. यंदा मी मुलाखत कशी द्यावी यावर व्याख्यानं ठेवतो. पुढच्या वर्षी बघू." त्याला काय बोलू? मान हलवली. बाहेर जाताना तो दारात घुटमळला आणि म्हणाला, "मुंगळ्याचं काय होणार?" मी म्हटलं, "परत येणार. दुसरं काय होणार?" ठणकावून सांगितलं रे. तू मला तोंडघशी पाडू नकोस.

नियम पुन्हा वाचले. सहीची गरज नाही. अपील संस्थेच्या नावाने करता येतं, फक्त तुझं म्हणणं म्हणून जे जोडायचं, त्याला तुझा लेखी होकार लागतो. मग मी म्हटलं, हा मुंगळा लिहीत नाही तर आपण लिहू. आपल्याच पद्धतीने. तुझी बाजू मी उसनी घेते. तू फक्त "हो, हेच" लिही. कार्डावर लिही, बिजागरीच्या खोक्यावर लिही, माझी हरकत नाही.

तर हे तुझं म्हणणं:

"मी अनेक वर्षं या पद्धतीने बैठक घेतो. वाद होता तो बाहेरून येऊन इथे वसलेल्या कुटुंबांबद्दल. ती मुलगी अशाच कुटुंबातली. तिच्या समोर बसलेला उंच मुलगा म्हणतो, ही माणसं इथे नकोत. नियमाप्रमाणे त्याने तिची बाजू मांडली, तिने त्याची. कोणीतरी चोरून चित्रण केलं आणि तिचं तेवढंच बोलणं कापून सगळीकडे पसरवलं. त्यात माझा दोष नाही. चौकशीत मी सवयीप्रमाणे आधी तिची बाजू मांडली. माझी बाजू मांडण्याआधी मला थांबवण्यात आलं. ती मांडायची संधी मला मिळावी."

नीट आहे ना? मला तरी नीट वाटतंय. अध्यक्ष त्या दिवशी आणखीही काहीतरी बडबडले होते, पण ते सोडून दे. काही महत्त्वाचं नव्हतं.

बाई

६ ऑगस्ट

मुंगळ्या,

कार्ड आलं! पोस्टमन पायऱ्या उतरायच्या आत वाचून झालं, कारण त्यात वाचायला होतंच काय? "नाही." एक शब्द. खाली सही पण नाही. इतके दिवस वाट बघायला लावून एक शब्द पाठवणारा तू पहिलाच. तरी काय सांगू, इतकी खूश झाले की शेजारणीला दाखवलं. ती म्हणाली, "अहो, यात नाही लिहिलंय." मी म्हटलं, लिहिलंय ना!

आणि बैठकीत "नाही" म्हणजे वाईट थोडंच असतं. "नाही" म्हणजे पुन्हा मांड. बरं, पुन्हा मांडते.

आधी एक सांगून टाकते. मागच्या वेळी लपवलं. अध्यक्ष म्हणाले होते, "बाई, मी त्यांना थांबवलं नाही. त्यांचं बोलून झालं तेव्हा मी विचारलं, अजून काही सांगायचंय? ते म्हणाले, नाही." मी त्यांना तोंडावर सांगितलं की हे खोटं आहे. तावातावाने सांगितलं, त्यांचा शिपाईसुद्धा आत डोकावून गेला. पण घरी आल्यावर मला त्यांचा चेहरा आठवत राहिला. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा इतका गोंधळलेला नसतो. तेव्हा समजा ते खरं बोलत असतील, तर मग असं असेल:

"मी त्या दिवशी थकलो होतो. आठवडाभर अनोळखी लोक मला फोनवर शिव्या घालत होते. एकाला मी बाहेरच्यांचा पाठीराखा वाटत होतो, दुसऱ्याला बाहेरच्यांचा शत्रू. झोप नव्हती. तिची बाजू मांडून झाल्यावर माझ्यात त्राण उरलं नव्हतं, म्हणून मी 'नाही' म्हणालो. तो माझा अखेरचा शब्द धरू नये."

हे तरी बरोबर आहे ना रे? थकला होतास ना तू? माझ्या लक्षात यायला हवं होतं. तेव्हा तू मला फोन करायचास आणि मी तुला वाचनाची यादी सांगायचे. तू "हो बाई, हो बाई" करायचास. किती शहाणी मी!

या वेळी "हो" लिही. आणि दोन ओळी जास्त लिहिल्यास तर मेहुणे पगार कापणार नाहीत.

बाई

१७ ऑगस्ट

मुंगळ्या,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. "नाही. मला कोणी थांबवलं नाही आणि मी थकलेलोही नव्हतो." प्रगती आहे. एका शब्दावरून दोन वाक्यांवर आलास.

रागावले होते. दोन दिवस तुझ्या नावाने बोटं मोडली. थांबवलं नाही, थकलेला नव्हता, मग काय भूत संचारलं होतं का? तुला लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. पण काल दुपारी ती आली.

मी भाजी निवडत बसले होते. दारात एक मुलगी. म्हणाली, "मीच ती. तक्रार केलेली." खरं सांगते, पहिल्यांदा मला दार लावून घ्यावंसं वाटलं. इतकी वर्षं मतभेदांवर व्याख्यानं झोडली आणि मनात काय आलं, तर दार! मग म्हटलं, ये. बसली. समोरची जुडी ओढून घेऊन न विचारता निवडायला लागली. त्यामुळे बरं झालं, दोघींनाही एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही.

"मला सर नकोसे झाले नव्हते," ती म्हणाली. "त्यांना काढा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. हे व्हायला नको होतं, एवढंच कोणीतरी म्हणायला हवं होतं."

मी काय केलं असेल? वाद घातला. म्हटलं, "अगं, पण तो उंच मुलगाही तुमची बाजू बोलला की आधी. फार छान बोलला म्हणे."

"हो, छान बोलला. सगळे म्हणाले, काय मोठ्या मनाचा आहे. मग माझी पाळी. मी म्हटलं, 'मी म्हणते, ही माणसं इथली नाहीत, यांना परत पाठवा.' तो म्हणाला, नाही, यात जोर नाही. मी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा नाही म्हणाला. मग मी असं म्हटलं की त्याला 'हो, हेच' म्हणावंच लागलं. बाई, आमची बाजू त्याने तिथेच ठेवली आणि तो घरी गेला. त्याची बाजू मला घरी न्यावी लागली."

तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करतात, हे तुला माहीतच आहे. कामावर कोणीतरी त्यांच्यापुढे फोन धरला, "ही तुमचीच ना?" घरी आल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही. तिला एवढंच विचारलं, "इतका जोर कुठून आणलास गं?" त्यानंतर ते घरात फारसं बोलत नाहीत. बदली मागितली आहे म्हणे, दुसऱ्या शहरात.

आणि तू त्यांच्या घरी गेला होतास! मला सांगितलं नाहीस. चौकशीच्या आधी गेलास, वडिलांनी चहा दिला, तू नियम समजावून सांगितलास. ते म्हणाले, "समजलं." मग तू उठून आपला कप धुऊन ठेवलास आणि गेलास. ती सांगत होती आणि मला तू दिसत होतास, कपाला आतून बोट फिरवत. मी पाण्याचं निमित्त करून आत गेले आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

पण आता ऐक, चांगली बातमी आहे. तिला मी अपिलाचं सांगितलं. म्हणाली, "सर परत येणार असतील तर मी लिहून देते." आणि माझ्याच टेबलावर बसून लिहून दिलं की अध्यापकांविरुद्ध तिची काही मागणी नाही. अरे, यापुढे समिती काय करणार आहे? हात टेकतील! जिंकलो आपण. लिहिताना तिची मान खाली होती आणि जाताना ती नीटसं बोलली नाही, पण दिलं लिहून. आता तुझं म्हणणं काहीही असो, ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग. सामान बांध.

बाई

२५ ऑगस्ट

मुंगळ्या,

ताईला दिलेलं वचन मोडलं. परवा तुमच्या गावी येऊन गेले.

रागावू नकोस, दुकानात आलेच नाही. समोर शिवणयंत्रांचं दुकान आहे ना, तिथे उभी राहून उगाच दोऱ्यांचे भाव विचारत होते. तो माणूस वैतागला माझ्यावर. तुला न्यायला आले होते. मनात सगळं ठरलेलं होतं: तू खचून बसलेला असशील, दाढी वाढलेली असेल, मी कान धरून उठवीन, संध्याकाळच्या गाडीने दोघं परत.

एक म्हातारे गृहस्थ मोडकी कडी घेऊन आले होते. तू त्यांच्यापुढे वेगवेगळ्या कड्या मांडल्यास आणि त्यांना प्रत्येक उघडझाप करून बघू दिलीस. त्यांची बोटं वाकडी होती, तर जी त्यांना सहज सरकवता आली तीच बांधून दिलीस. ते काहीतरी लांबलचक सांगत होते, बहुधा दाराचा इतिहास. तू ऐकत होतास. मान तिरकी करून, बैठकीत ऐकायचास तसाच. तू खचलेला नव्हतास रे. दुःखी होतास, ते दिसत होतं. पण खचलेल्या माणसाला उचलून आणता येतं, दुःखी माणसाला कसं उचलायचं ते मला कळेना. मी परत फिरले.

गाडीत खिडकीशी बसले आणि पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, बाई, तुम्ही त्याची बाजू उसनी घेतली म्हणता, ती नक्की कोणाची होती? दोन्ही वेळा माझीच होती. त्याला परत आणायचंय हे आधी ठरवलं आणि मग त्याच्या तोंडी शोभेल असं लिहिलं. असं जर तुमच्यापैकी कोणी बैठकीत केलं असतं, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मुदत संपत आली आहे. अपील लिहून तयार आहे, तिचं लेखीही आहे. मी ते दिलं तर आपण जिंकणार, यात काही शंका नाही. पण आधी एकदा पुन्हा मांडते.

"मी त्या दिवशी नेहमीसारखा तिची बाजू मांडायला उभा राहिलो. मी म्हटलं, मी एक मुलगी आहे. माझ्या वडिलांचं इथलं राहणं हाच वादाचा विषय होता. माझ्या समोरच्याचं त्यात काहीही जाणार नव्हतं, माझं सगळं जाणार होतं, तरी आम्हा दोघांना एकसारख्याच खुर्च्या दिल्या आणि त्याला न्याय म्हटलं. माझ्याच तोंडून मला हाकलून लावायला सांगितलं आणि जोर कमी पडला म्हणून पुन्हा सांगायला लावलं. माझे सर समोर बसले होते. त्यांनी थांबवलं नाही, कारण बैठक उत्तम चालली होती.

इथपर्यंत बोललो आणि उसनी बाजू खाली ठेवून स्वतःची उचलायची वेळ आली. तेव्हा कळलं की उचलायला माझ्याकडे काही नाही. ती बोलत होती ते खरं होतं. मला थांबवलं नाही, मी थकलो नव्हतो, मी चुकून बोललो नाही. अध्यक्षांनी विचारलं, अजून काही? मी नाही म्हटलं, ते पूर्ण शुद्धीवर म्हटलं.

बाई, बैठक वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती चालायला हवी, इतरांनी चालवायला हवी. मला आता ती चालवता येणार नाही. कोणा मुलाला 'मी' म्हणून बोल असं सांगताना माझी जीभ अडखळेल. आणि तुम्ही माझ्यासाठी लढू नका. तुम्ही लढलात तर जिंकाल. तिने मान खाली घालून लिहून दिलेल्या कागदावर मी परत आलो, तर तिला पुन्हा एकदा दुसऱ्याचंच म्हणणं स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं, असं होईल. मला दुकानात राहू द्या. माझ्यावर माया असेल तर अपील देऊ नका."

एवढंच. "नाही" लिही मुंगळ्या. या एका वेळी तुझं "नाही" आलं तर मी शेजारणीला पेढे... काय वाटेल ते वाटीन. तुझी फार आठवण येते. इतक्या वर्षांत कधी बोलले नाही, कारण तू रोज समोर असायचास आणि भांडायला विषय असायचे.

बाई

१ सप्टेंबर

मुंगळ्या,

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी कार्ड आलं. "हो, बाई. हेच."

पोस्टमनला मी विचारलं, दुसरं काही नाही ना माझं? त्याने पिशवीत पुन्हा बघितलं बिचाऱ्याने.

जेवले नाही. अपिलाचे कागद घेतले आणि विद्यापीठात गेले. जिना चढताना दोनदा वाटलं, देऊन टाकावं. तुला काय कळतंय? तीस-बत्तीस वर्षांचा पोरगा तू. उद्या पस्तावशील, परवा माझे आभार मानशील. मी तुझ्याहून दुप्पट पावसाळे पाहिलेत. हे सगळं मनात म्हणून झालं. मग अध्यक्षांसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, संस्था अपील करणार नाही. त्याचं तसं म्हणणं नाही.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही जिंकला असता."

म्हटलं, "माहीत आहे मला."

त्या मुलीला मी बोलावून घेतलं होतं, ती जिन्यातच भेटली. तिचं लेखी मी तिच्या हातात परत दिलं. तिने विचारलं, "म्हणजे सर येणार नाहीत?" मी म्हटलं, नाही. तिने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. "मग माझ्या तक्रारीने काय झालं?" म्हटलं, तुझं म्हणणं एका माणसाला पूर्ण समजलं. ती म्हणाली, "तेच तर गेले." आम्ही दोघी तिथेच पायरीवर थोडा वेळ बसलो. पुढच्या आठवड्यात ते घर सोडणार आहेत.

काल संध्याकाळी पाचही जणांना घरी बोलावलं होतं. सगळं सांगितलं, तुझं म्हणणं वाचून दाखवलं. मी सुचवलं, ज्याचं इथे असणंच वादात आहे, त्याच्याकडून समोरची बाजू उसनी मागायची नाही. दोघांना पटलं. दोघी म्हणाल्या, मग आपण त्यांना दुबळं समजतो असं होईल. गणिती म्हणाला, "बाई, मग बैठकीत उरलं काय?" कडाक्याचं भांडण झालं. चहा गार झाला. शेवटी काहीच ठरलं नाही, पण गणिती जाताना म्हणाला की तो त्याची बैठक सुरू करणार आहे, भीत भीत का होईना. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण तो वाद चालला होता तेव्हा मी सारखी दाराकडे बघत होते, आता तू आत येशील आणि मुद्दा धरशील म्हणून.

संस्थेच्या सहा जणांतली तुझी जागा भरायची आहे. यंदाचे अर्ज आलेलेच आहेत, चांगले तरुण लोक असतील. मी अजून एकही उघडलेला नाही. उघडीन. माझं कामच ते आहे.

काल अध्यक्षांकडून उतरताना, त्या मुलीला निरोप दिल्यावर, मला पुढच्या पायऱ्या उतरवेनात. तिथेच बसले आणि पदर तोंडाला लावून रडले. त्यांचा तो शिपाई वरून धावत आला. पाणी आणलं, शेजारी उकिडवा बसला. "काय झालं बाई? घरचं कोणी गेलं का?"

म्हटलं, "नाही रे. माझा एक विद्यार्थी होता, त्याने शिकवणं सोडलं."

तो बघतच राहिला. मग समजूत घालावी तसं म्हणाला, "एवढंच ना?"

मी म्हटलं, "एवढंच."

बाई